ओझितची पाच बोटं

ज्याच्या एका शब्दाला पाच अर्थ असतात, त्याच्याशी बोलताना दाराकडे पाठ करून बसू नये, असं आमची आई म्हणायची. तिचा रोख इंग्रजांवर होता. पण इंग्रजांचे शब्द आमच्यापर्यंत आणायची ती ओझित, त्यामुळे आईचा खरा राग तिच्यावर. आणि कशाला खोटं बोलू, आईचं नाक आणि आईचा संशय हे दोन्ही माझ्याच वाट्याला आलंय.

ओझित आमच्याच पॉइंत-ओ-कोक या किनाऱ्यावरच्या गावची, लाकूडतोड्या तासिएनची मुलगी. आमच्या गावात निम्मी घरं सावुआंची आणि उरलेली लान्तेन्यांची, मग आडनावानं हाक मारून कोण ओ देणार? माणूस बापाच्या नावानं ओळखायचा. मी दोमितील फाबियेनची, माझा धाकटा भाऊ फिलोरोम फाबियेनचा, आणि ती ओझित तासिएनची. पुढं सगळे तिला पाचबोटी म्हणायला लागले. मागून नव्हे, तोंडावर.

आमच्याकडं शेवंडी उकडून डब्यात भरायचा कारखाना होता. मालक इंग्रज, मुकादम इंग्रज, आणि कापायला, सोलायला, भरायला आम्ही सगळ्या फ्रेंच बोलणाऱ्या बायका. ओझित वयात आली तशी मालक साहेबाच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली आणि चार हिवाळ्यांत इंग्रजी शिकून बाहेर पडली. साहेबानं तिला कारखान्यात आणून उभं केलं, मुकादमाच्या शेजारी. तो बोलायचा, ती आम्हाला सांगायची. आम्ही बोलायचो, ती त्याला सांगायची.

आता इंग्रजांचं बोलणं तुम्हाला माहीत असेल. त्यांचा एक शब्द होता, 'फेअर'. मुकादमाच्या तोंडात तो दिवसभर तंबाखूसारखा असायचा. सकाळी दार उघडून आभाळाकडं बघून म्हणायचा, फेअर. शेवंडींची टोपली उचलून म्हणायचा, फेअर. भांडण झालं की फेअर, एखाद्या पोरीचे केस बघून फेअर, आणि ऑगस्टात जत्रेची सुट्टी मागितली तरी फेअर. आमच्याकडं या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत. जत्रा ती फ्वार, न्यायाचं ते ज्युस्त, उघडी हवा म्हणजे बो, सोनेरी केसांची ती ब्लोंद, आणि जेमतेम, चालून जाईल असं ते पासाब्ल. पाच गोष्टी, पाच शब्द, सरळ हिशेब. यांनी पाचही एकाच गोणीत कोंबलेले.

म्हणून ओझितनं बोटांची युक्ती काढली. मुकादमानं असला गोणीतला शब्द टाकला की ती डावा हात वर धरायची, पाचही बोटं उघडी. अंगठा जत्रेचा, त्याच्या शेजारचं बोट न्यायाचं, मधलं उघड्या हवेचं, चौथं केसांचं, करंगळी जेमतेमची. मग एकेक बोट मिटत जायची. का मिटतेय तेही सांगायची. "आता तो टोपलीकडं बघतोय, म्हणजे हवा नाही. केस नाहीत. जत्रा तर नाहीच." शेवटी एक बोट उरायचं, तो अर्थ. वाफेनं भरलेल्या त्या हॉलमध्ये आम्ही तीस बायका हातातल्या सुऱ्या थांबवून तिच्या बोटांकडं बघत राहायचो. इतर शब्दांनाही ती हेच करायची, कुणाला तीन बोटं, कुणाला चार. पण फेअरला सगळा पंजा लागायचा.

आणि आमच्या मालाला दरवेळी उरायची ती करंगळी.

"काय गं ओझित," मी एकदा सगळ्यांच्या देखत विचारलं, "आमच्या शेवंडींना तुझं दुसरं बोट कधी मिळत नाही ते?"

"बोट माझं आहे, दोमितील. शब्द त्याचा आहे," ती म्हणाली.

उत्तर कसं तयार होतं बघा. ज्याच्या मनात काही नसतं, त्याला आधी राग येतो, उत्तर मागाहून सुचतं.

तिची दुसरी खोड याहून वाईट होती. ती 'तो म्हणतो' असं कधी म्हणायची नाही. मुकादम म्हणाला की मी तुला उद्यापासून कामावर ठेवणार नाही, तर ही सरळ समोरच्या बाईच्या डोळ्यात बघून म्हणायची, "मी तुला उद्यापासून कामावर ठेवणार नाही." आवाज कोरडा, चेहरा भिंतीसारखा. एकदा आमच्यातल्या युफेमीला अशीच ती 'मी तुला कंटाळलोय, घरी जा' म्हणाली, तर युफेमीनं शेवंडीची अख्खी नांगी फेकून मारली आणि वर शिवी हासडली. ओझितनं गालावरचं पाणी पुसलं आणि मुकादमाकडं वळून ती शिवी त्याला इंग्रजीत जशीच्या तशी सांगितली. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

"तू 'तो म्हणतो' असं का म्हणत नाहीस गं बाई?" बायका विचारायच्या.

"मधे 'तो म्हणतो' घातलं की मला माझी अक्कल पाजळावीशी वाटते," ती म्हणायची. "मी म्हटलं की नुसतं त्याचं तोंड होता येतं."

नुसतं तोंड! म्हणजे मी-कारेमचं सोंगच झालं की. उपासाच्या चाळीस दिवसांच्या मधोमध आमच्याकडं मी-कारेम असतं. पोरं-पोरी, म्हातारे, सगळे जुनेपाने कपडे घालून, तोंडाला फडकं बांधून, आवाज बदलून घरोघर फिरतात. पुरुष बाईचा आवाज काढतो, बाई पुरुषाचा. घरच्यांनी ओळखायचं कोण ते. ओळखलं तर फडकं काढावं लागतं, तिथल्या तिथं, मुकाट्यानं. नाही ओळखलं तर गोडधोड खाऊन पुढच्या घरी.

अशाच एका मी-कारेमला ओझित आमच्या घरी साहेब बनून आली होती. साहेबाचा जुना कोट, साहेबाची चाल, साहेबाचं ते नाकातलं बोलणं. आईला वाटलं खरंच साहेब आला. ती एप्रन सोडून उभी राहिली. सगळ्यांनी दहा नावं घेतली, एक लागू पडलं नाही. आमचा फिलोरोम चुलीपाशी बूट वाळवत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "ओळखलं तुला. फडकं काढ."

तिनं काढलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नाआधी तीन रविवार फादर चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पहिला पुकारा झाला, दुसरा झाला. आणि त्याच आठवड्यात बोटवाल्यांचा बेत फुटला. सोमवारपासून कारखान्याला माल घालायचा नाही, भाव वाढवून घ्यायचा, असं सगळ्यांनी गुपचूप ठरवलं होतं. सोमवारी पहाटे बघतो तर साहेबानं खालच्या बंदरातल्या बोटी आणून धक्क्याला लावलेल्या. कुणीतरी सांगितलं होतं, यात शंकाच नाही. कुणी, हा प्रश्नही गावाला पडला नाही.

"इकडचं तिकडं नेणं हाच जिचा धंदा," आई म्हणाली, "ती हे तेवढं बरं सोडेल!"

तिसऱ्या रविवारी फादरांनी दोन दुसऱ्या जोडप्यांची नावं वाचली आणि चोपडी मिटली. आई आदल्या संध्याकाळी त्यांना भेटून आली होती. ओझित आमच्या पुढच्या बाकावर होती. तिनं डावा हात पुढच्या बाकाच्या कडेवर ठेवला होता, आणि चर्च रिकामं होईपर्यंत तो तिथंच होता. मग उठून एकटी घरी गेली. फिलोरोमनं आईपुढं ब्र काढला नाही. काढायला हवा होता, हे मी त्याला तेव्हाही म्हणाले होते. पण म्हणून ओझित निर्दोष होती असं मी म्हणत नाही. माझा संशय तिच्याशिवाय आणखी दोघांवर आहे. त्यातला एक मेला.

दोघांनीही नंतर लग्न केलं नाही. वीसेक वर्षं गेली. आई गेली. मी विधवा होऊन माहेरी परत आले आणि फिलोरोमचं घर सांभाळायला लागले. ओझित कारखान्यात बोटं मिटत राहिली. गावाला ती लागायची पदोपदी, कोर्टाचा कागद आला, सरकारी माणूस आला, की चला पाचबोटीकडं. पण काम झालं की तिला बस म्हणणारं घर नव्हतं. तिच्यासमोर बायका आवाज खाली करायच्या. मीही करायचे.

मग त्या हिवाळ्यात फिलोरोमचा पाय बर्फातून खाली गेला.

खाडी गोठली की आमचे पुरुष बर्फाला भोकं पाडून खाली जाळी लावतात, बोटभर लांबीच्या चंदेरी माशांसाठी. जाळं ओढताना बर्फ तडकला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि हा शहाणा तोच ओला बूट घालून दिवसभर काम करत राहिला. घरी येऊन म्हणाला, काही नाही, जरा बधिर झालाय. पाय मोज्यातच ठेवायचा, झोपतानाही. मला कळलं ते वासानं. मोजा ओढून काढला तर बोटं काळी आणि काळेपणा घोट्याच्या वर चढलेला. मी किंचाळले. ननांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि हात टेकले. शहरात न्या, म्हणाले, आजच्या आज.

शहरातला दवाखाना इंग्रजांचा. तिथं भिंतीसुद्धा इंग्रजी बोलतात. फादर स्वतः तापानं आडवे पडलेले. मग राहिलं कोण? मी तिच्या दारात गेले. ओझित कणीक मळत होती. मी म्हटलं, "फिलोरोमचा पाय सडलाय. शहरात न्यायचाय. बोलायला माणूस नाही." तिनं हात धुतले, कोट घातला आणि ट्रकमध्ये येऊन बसली. कसं झालं, कधी झालं, एक अक्षर विचारलं नाही. हे मला आवडलं नाही. वीस वर्षांपूर्वी ज्यानं चारचौघांत टाकलं, त्याच्यासाठी कणीक तशीच टाकून कोण येतं? वाटभर मी तिच्याकडं बघत होते आणि ती रस्त्याकडं.

डॉक्टर उंच, चष्म्याचा, हाडं मोजत असल्यासारखं बघणारा. त्यानं पाय बघितला, नाक जवळ नेलं, दाबून बघितलं. फिलोरोमला दाबलेलं कळलंसुद्धा नाही. मग डॉक्टर बोलायला लागला तो थांबेचना. मी ओझितच्या हाताकडं बघत होते. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

तो थांबल्यावर ती फिलोरोमकडं बघून त्याच जुन्या कोरड्या आवाजात म्हणाली, "तुमचा पाय मेलेला आहे. विष वर चढतंय. मला तो गुडघ्याखाली कापावा लागेल. उद्या सकाळी. नाही कापला तर तुम्ही मराल."

फिलोरोम छताकडं बघायला लागला. माझी जीभ मात्र जागेवर होती.

"एवढा वेळ बोलला तो, आणि तू एवढ्यात आटपलंस? बाकीचं कुठं गेलं?"

"बाकी औषधांची नावं होती. हवीत तर सांगते."

"आणि बोटं कुठायत तुझी? खिशात का लपवलीस?"

"बोटं लागतात ती गोणीतल्या शब्दांना," ओझित म्हणाली. "त्याच्या या शब्दाला एकच अर्थ आहे, दोमितील. आपल्याकडं आहे तोच."

पण माझेही कान काही भाड्यानं दिलेले नव्हते. "फेअर म्हणाला तो! मी ऐकलंय. कारखान्यात जन्म गेलाय माझा, तेवढा एक शब्द मला झोपेतही कळतो. काढ हात. कोणतं बोट?"

तिनं हात बाहेर काढला. अंगठा मिटला, मधलं मिटलं, चौथं मिटलं, करंगळी मिटली. अंगठ्याशेजारचं बोट उरलं. "म्हणाला, रोग्यापासून हे लपवून ठेवणं न्यायाचं होणार नाही."

मला काय दिसलं सांगू? मला दिसलं की तिनं मधलं बोट जरा घाईनं मिटलं. उघड्या हवेचं, चांगल्याचं. कुणी सांगावं, डॉक्टर म्हणालाही असेल की आशा आहे, थांबून बघू. मधे उभी कोण? ही. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी होडी एकच, आणि तिच्यात बसलेली बाई आमच्यामुळं जन्मभर एकटी राहिलेली. उट्टं काढायला याहून चांगली वेळ तिला कधी मिळणार होती?

मी ते बोललेच. मनात ठेवून कुजत बसायचा माझा स्वभाव नाही. "फिलोरोम, ऐक माझं. ही बाई तुझा पाय घेऊन सूड उगवतेय. आईनं मोडलेल्या लग्नाचा सूड. हिच्या शब्दावर पाय देऊ नकोस."

डॉक्टरनं भुवया वर करून ओझितला काहीतरी विचारलं. मी काय ओरडले, तेच असणार. आणि तिनं सांगितलं हो त्याला! मी फिलोरोमचं नाव ऐकलं त्यात, आईसाठी इंग्रज जो शब्द वापरतात तोही ऐकला. एक अक्षर गाळलं नसावं, कारण डॉक्टरनं चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, मग बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. ती आपली सरळ उभी. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

मी एवढ्यावर थांबणारी नव्हते. मी सापळा लावला. म्हटलं, "विचार त्या कसायाला, स्वतःच्या भावाचा पाय असता तर असाच कापला असतास का? कसाई हा शब्द गाळू नकोस." मनात म्हटलं, गोड करून सांगितलं तर डॉक्टर हसेल, आणि मग मी हिला धरीन.

ओझितनं सांगितलं. डॉक्टर हसला नाही. त्याचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला, मग पांढरा पडला. खुर्ची ओढून तो फिलोरोमच्या खाटेजवळ बसला आणि हळू, थांबत थांबत बोलला. तो थांबला की ती बोलायची.

"माझा भाऊ लढाईत होता. त्याचाही पाय असाच झाला होता. मी सगळ्यांना म्हटलं, थांबू या, मी वाचवीन. त्याचा पाय कापला नाही. पायासकट पुरला त्याला."

"तुला कुठला भाऊ आलाय?" मी ओरडले. "तासिएनला तू एकटीच!"

मग खाटेवरून खरखर आवाज आला. आमचा फिलोरोम, तापानं फणफणलेला, हसत होता. "दोमी, दोमी," तो म्हणाला, "अगं, ती आत्ता डॉक्टर आहे."

माझा सापळा रिकामाच राहिला होता, पण संशय असा सापळा रिकामा राहिल्यानं थोडाच मरतो? तो कोपऱ्यात जाऊन बसला, एवढंच.

खरी अडचण आता पुढं आली. फिलोरोमला सगळं कळलं होतं, पटलंही होतं, आणि तरी तो नाही म्हणत होता. "नको," म्हणाला. "पायासकट आलोय, पायासकट जाईन." मी रडले, भांडले, संत आनची शपथ घातली. हा मान हलवतोय, नको. बर्फावर एका पायाचा माणूस काय करणार, म्हणे. बोटीत उभा कसा राहणार. दुसऱ्यानं कालवलेलं खात खिडकीत बसायचं, आणि पोरांनी लंगड्या म्हणून हाक मारायची. डॉक्टरला त्याच्याच तोंडून हो हवं होतं. नाही म्हणणाऱ्याचा पाय मी कापत नाही, म्हणाला.

मग फिलोरोमनं पहिल्यांदा ओझितकडं नीट बघितलं. "त्याला विचार," म्हणाला, "एका पायाचा माणूस कुणाला हवा असतो?"

जन्मभरात मी पहिल्यांदा तिला अडखळताना बघितलं. मग तिनं विचारलं. डॉक्टरनं खांदे उडवले. त्यानं तरी काय सांगायचं? चार शब्द बोलला, नर्सला खूण केली, आणि दोघं बाहेर गेले. दार लागलं.

"मी संध्याकाळी परत येतो. तोवर तुमचं उत्तर ठरवा," ओझितनं सांगितलं. ते चार शब्द तेवढेच असणार. मी शाल सारखी केली, आता हिला बाहेर काढून भावाशी दोन शब्द बोलावेत म्हणून.

पण ती थांबली नाही. खिडकीकडं तोंड करून, हात पुन्हा खिशात घालून, त्याच कोरड्या आवाजात, जणू डॉक्टर अजून शेजारी उभा आहे, ती पुढं बोलतच राहिली.

"एका पायाचा माणूस मला हवा आहे. बोट नाही चालवता आली तर दुसरं काही बघू. जाळी विणायला पाय लागत नाहीत. लंगडत चाललास तर बरंच होईल, तू नेहमी पुढं पुढं पळायचास, मागून येता येता माझी दमछाक व्हायची. कालवून वगैरे मी देणार नाही, हात धड आहेत तुझे. आणि पोरांनी नावं ठेवली तर ठेवू देत. नावं ठेवलेलं माणूस मरत नाही, मला माहीत आहे."

माझा आ वासला. दाराकडं बघितलं, दार बंद. डॉक्टर केव्हाच गेलेला. एवढं सगळं तो बोलला तरी कधी? मी बोट रोखून उभी राहिले, आता धरलंच हिला चोरी करताना, असं तोंडावर येणार तेवढ्यात उशीवरून आवाज आला.

"ओळखलं तुला," फिलोरोम म्हणाला. "फडकं काढ."

ओझितचे खांदे हलले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा नाकापासून हनुवटीपर्यंत भिजलेला होता. तो भिंतीसारखा चेहरा कुठल्या कुठं गेला होता. आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलाच नव्हता, फाटका, पोरीचा.

"मेलास तर मी काय करू रे?" ती म्हणाली. "दुसऱ्यांदा चर्चमधून एकटी घरी जाऊ?"

मी रोखलेलं बोट खाली घेतलं. त्या बोटाचं तिथं काही काम नव्हतं. फिलोरोम डोळे मिटून पडला होता, त्याच्या पापण्यांतून पाणी कानाकडं चाललं होतं.

"दोमी," म्हणाला, "बोलाव त्या कसायाला."

डॉक्टर आला तेव्हा फिलोरोमनं स्वतःच त्याला इंग्रजीत सांगितलं. यस. तेवढं त्याला येत होतं. ओझितला ते सांगावं लागलं नाही.

पाय दुसऱ्या दिवशी गेला. माणूस राहिला. उपास संपायच्या आत तो घरी आला, कुबडीवर, चिडचिडा, हाडांचा सापळा झालेला. आजाऱ्याला उपास नसतो, म्हणून मी बटाटे घालून कोंबडीचा पातळ रस्सा, फ्रिको, केला की दोन वाट्या खायचा आणि म्हणायचा, ओझित मीठ जरा कमी घालते. म्हणजे ती येत होती तर, मी शेजारी गेले की. माझ्याच घरात माझ्याच मिठाला नावं!

उपासाच्या दिवसांत आमच्याकडं लग्नं लागत नाहीत. ईस्टर झाल्यावर दोघं फादरांकडं गेले. जुने दोन पुकारे धरून आता एकच उरलाय ना, असं फिलोरोमनं विचारलं म्हणे. फादर म्हणाले, बाबा रे, ते केव्हाच शिळे झाले, पहिल्यापासून सुरुवात.

पहिला रविवार बरा गेला. दुसरा बरा गेला.

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आजारी म्हातारेसुद्धा आले होते. मला विचाराल तर प्रार्थनेला कुणीच आलेलं नव्हतं. ओझित त्याच बाकावर, फिलोरोम तिच्या बाजूला, मी त्यांच्या मागं. फादरांनी चोपडी उघडली. एका जोडप्याचं नाव वाचलं. दुसऱ्याचं वाचलं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि त्यांनी चोपडी खाली ठेवून रुमाल शोधला. ओझितचा डावा हात पुढच्या बाकाच्या कडेवर होता. पाचही बोटं पांढरी पडली होती.

फादरांनी तोंड पुसलं. "फिलोरोम, फाबियेन लान्तेन्यचा मुलगा," त्यांनी वाचलं, "आणि ओझित, तासिएन सावुआची मुलगी. यांच्या लग्नाला कुणाला काही हरकत माहीत असेल तर त्यानं ती इथं सांगावी."

आणि अख्खं गाव, पोरंटोरं, बोटवाले, कारखान्याच्या बायका, सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. वळली नाही ती एकटी ओझित.

"माझ्याकडं काय बघताय?" मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं. "पुढं वाचा, फादर. वीस वर्षं झाली तिला घरी यायला निघून."

ओझितनं बाकाची कड सोडली.